बागेतील शेडपर्यंत सुरक्षित वीज : पावसाळ्यापूर्वी करावयाची तयारी

यशवंतपूर हे नाव महाराष्ट्रातील कांदा उत्पादकांना अपरिचित नाही. बेंगळुरूच्या वायव्येकडील या उपनगरातील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवाराकडे नाशिक, अहिल्यानगर, पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांतून कांद्याच्या गाड्या वर्षानुवर्षे जात आल्या आहेत. शेती आणि बागायतीचे शिक्षण घेण्यासाठी तेथे जाणाऱ्यांना पुढची हेसरघट्ट्याची भारतीय बागवानी संशोधन संस्थाही ठाऊक असते. मात्र यशवंतपूरच्या शेजारीच, सर सी. व्ही. रामन मार्गावर, शेतकऱ्याच्या जिवाशी थेट संबंध असलेली आणखी एक संस्था आहे, ती म्हणजे केंद्रीय विद्युत संशोधन संस्था. केंद्र शासनाने १९६० मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत केबल, स्विचगिअर, मीटर, रोहित्र अशा विद्युत साहित्याच्या चाचण्या होतात. एखाद्या पेटीत धूळ आणि पाणी शिरते किंवा नाही, याचीही चाचणी ठरलेल्या पद्धतीने घेतली जाते.

बेंगळुरू परिसराचा आणि विजेचा संबंध जुना आहे. म्हैसूर संस्थानाने १९०२ मध्ये शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्रातून कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत, म्हणजे दीडशे किलोमीटरच्या आसपास, वीज वाहून नेली. १९०५ मध्ये बेंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. दीडशे किलोमीटर वीज नेण्याचे तंत्र अशा रीतीने शतकापूर्वीच साध्य झाले. आजही अपघात घडतात ते बहुधा घराच्या भिंतीपासून परसबागेतील किंवा मळ्यातील शेडपर्यंतच्या अखेरच्या तीस-चाळीस मीटरांत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडील वार्षिक अहवालांनुसार देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी बारा हजारांहून अधिक माणसे दगावतात. यांपैकी अनेक मृत्यू साध्या, स्वस्त आणि सर्वत्र उपलब्ध असलेल्या साधनांनी टाळता येण्याजोगे असतात. प्रस्तुत लेखाचा विषय हीच साधने आणि त्यांची योग्य मांडणी हा आहे.

एक नमुना उदाहरण

विवेचन नेमके व्हावे म्हणून एक नमुना समोर ठेवू. यशवंतपूरसारख्या उपनगरात घरामागे बाग आहे. घरातील मुख्य बोर्डापासून ४० मीटर अंतरावर अवजारे, खते आणि ठिबक सिंचनाचा फिल्टर ठेवण्यासाठी पत्र्याची शेड आहे. तेथे एक अश्वशक्तीचा मोनोब्लॉक पंप, चार एलईडी दिवे, बॅटरीवरील फवारणी पंपाचा चार्जर आणि अधूनमधून वापरावयाचे ड्रिल मशीन चालवावयाचे आहे. जुन्नरच्या मळ्यातील पॅकहाउस, सटाण्याच्या द्राक्षबागेतील औषधांची खोली किंवा सांगोल्याचा शेळ्यांचा गोठा यांची गरजही थोड्याफार फरकाने हीच असते.

बेंगळुरूचे हवामान या दृष्टीने कसोटी पाहणारे आहे. एप्रिल-मेमध्ये गडगडाटासह आम्रसरी येतात, जूनपासून नैर्ऋत्य मोसमी पाऊस असतो, सप्टेंबर हा साधारणपणे सर्वाधिक पावसाचा महिना ठरतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही सरी कोसळतात. महाराष्ट्रात वळीव, मोसमी पाऊस आणि परतीचा पाऊस असाच क्रम असतो. मधल्या काळात कडक ऊन पडते आणि प्लॅस्टिकची आवरणे ठिसूळ होतात. एका उन्हाळ्यात पडलेल्या भेगेतून पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरते.

बहुतेक ठिकाणी प्रत्यक्षात दिसणारी व्यवस्था पुढीलप्रमाणे असते. घरातील प्लगमधून दोन पदरी वायर काढून ती झाडावरून किंवा कुंपणावरून शेडपर्यंत नेलेली असते. मध्ये एक-दोन ठिकाणी जोड देऊन वर इन्सुलेशन टेप गुंडाळलेली असते. शेडच्या पत्र्याला पाडलेल्या भोकातून वायर आत घेतलेली असते आणि त्या भोकाची धारदार कड वाऱ्याच्या प्रत्येक झोतासरशी वायरीवर घासत राहते. ज्या दिवशी वायरीचे आवरण कापले जाते, त्या दिवशी संपूर्ण शेड विद्युतभारित होते. अनवाणी, ओल्या पायांनी दार उघडण्यास गेलेल्या माणसाला याची पूर्वसूचना मिळत नाही.

एमसीबी तारेसाठी, आरसीसीबी माणसासाठी

शेतकऱ्यांशी बोलताना एक गैरसमज वारंवार आढळतो. 'आमच्याकडे एमसीबी आहे, काही झाले तर तो पडेल,' असे आत्मविश्वासाने सांगितले जाते. एमसीबी हा जुन्या फ्यूजचा सुधारित पर्याय आहे. क्षमतेपेक्षा अधिक प्रवाह वाहिल्यास किंवा फेज आणि न्यूट्रल यांचा थेट संपर्क झाल्यास तो पुरवठा तोडतो आणि तार जळण्यापासून वाचवतो. माणसाच्या शरीरातून जाणाऱ्या प्रवाहाची त्याला दखलही घेता येत नाही.

आकड्यांत पाहू. सुमारे एक मिलिअँपिअर प्रवाह शरीराला जाणवतो. दहा मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आकसतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. तीस मिलिअँपिअरच्या पुढे श्वसनाचे स्नायू बाधित होण्याचा धोका निर्माण होतो, आणि पन्नास मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह काही क्षण टिकल्यास हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. ओले हात आणि अनवाणी पाय असलेल्या शरीराचा रोध सुमारे १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्यातून २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. हा प्रवाह प्राणघातक आहे. परंतु १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने तो पाव अँपिअरपेक्षाही कमी, म्हणजे एखादा दिवा लावल्याइतका किरकोळ आहे.

आरसीसीबीचे कार्य वेगळे आहे. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत येतो किंवा नाही, याची तो सतत तुलना करतो. दोहोंत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजेच तेवढा प्रवाह जमिनीकडे गळत असला, तर तो सेकंदाच्या ०.३ भागाच्या आत पुरवठा तोडतो. गळती मोठी असल्यास ०.०४ सेकंदांत तोडतो. बाहेरील जोडणीसाठी ३० मिलिअँपिअर क्षमतेचाच आरसीसीबी घ्यावा. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचे प्रकार आगीपासून संरक्षणासाठी असतात, मानवी शरीराच्या संरक्षणासाठी ते पुरेसे नाहीत.

आरसीसीबी अतिरिक्त भारापासून संरक्षण देत नाही, म्हणून त्याच्यासोबत एमसीबी असणे आवश्यकच असते. दोन्ही कार्ये एकाच साधनात हवी असल्यास आरसीबीओ उपलब्ध आहेत. एलईडी दिवे, चार्जर यांसारखी इलेक्ट्रॉनिक उपकरणे जोडलेली असतील, तर 'ए' प्रकारचा आरसीसीबी निवडणे श्रेयस्कर. खरेदी करताना भारतीय मानक आयएस १२६४० चा उल्लेख आणि आयएसआय चिन्ह पाहून घ्यावे.

केवळ अर्थिंग पुरेसे का नाही?

'आम्ही अर्थिंगचा चांगला खड्डा केला आहे, मग आरसीसीबी कशाला?' हा पुढचा प्रश्न. ग्रामीण भागात ग्राहकाचे अर्थिंग बहुधा त्याच्या स्वतःच्या खड्ड्यापुरतेच असते, त्यामुळे गळतीच्या प्रवाहाला जमिनीतून रोहित्राच्या अर्थिंगपर्यंत जाऊन परतावे लागते. समजा, शेडच्या अर्थिंगचा रोध १० ओहम आणि रोहित्राकडील अर्थिंगचा २ ओहम आहे. पंपाच्या धातूच्या आवरणाला फेज चिकटल्यास वाहणारा प्रवाह २३० भागिले १२, म्हणजे सुमारे १९ अँपिअर होईल. २० अँपिअरचा एमसीबी या प्रवाहाला पडणारच नाही, आणि १६ अँपिअरचाही तासभर तसाच राहू शकतो. तोवर पंपाच्या आवरणावर १९ गुणिले १०, म्हणजे सुमारे १९० व्होल्ट दाब असेल. खड्डा आहे, तार जोडलेली आहे, एमसीबी शाबूत आहे, आणि तरीही पंपाला हात लावणारा माणूस धोक्यात आहे.

आता याच परिपथात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवू. १९ अँपिअर गळतीला तो तत्क्षणी पुरवठा तोडेल. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडून रोध २०० ओहमपर्यंत गेला असे मानले, तरी सुमारे १.१ अँपिअर गळती होईल. एमसीबीला ती जाणवणार नाही, आरसीसीबी मात्र तिच्या तीस-पस्तिसाव्या भागालाच पडलेला असेल. अर्थिंगमुळे, माणसाने स्पर्श करण्यापूर्वीच गळतीला वाट मिळते आणि त्या गळतीवर आरसीसीबी कार्य करतो. म्हणून दोन्ही साधने एकत्र असणे अपेक्षित आहे.

भार, अंतर आणि केबलचा आकार

नमुना शेडमध्ये एक अश्वशक्तीचा पंप सुमारे ७ अँपिअर घेईल. इतर उपकरणे धरून एकूण भार १० अँपिअर मानू. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम असतो. जाण्याचे ४० आणि परतीचे ४० अशा ८० मीटर तारेत १० अँपिअरला सुमारे ६ व्होल्ट दाब घटतो. ही घट चालण्यासारखी वाटते, परंतु पंप सुरू होतानाचा प्रवाह नेहमीच्या प्रवाहाच्या पाच ते सहा पट असतो. ४० अँपिअर धरल्यास त्या क्षणी सुमारे २४ व्होल्ट घट होते. मुळातच दाब कमी असलेल्या गावात अशा वेळी मोटर गुरगुरत राहते, फिरत नाही आणि अखेरीस जळते.

४ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल वापरल्यास हीच घट चालू भाराला सुमारे ३.७ आणि सुरुवातीला सुमारे १५ व्होल्ट राहते. ॲल्युमिनिअमच्या ६ चौरस मिलिमीटर केबलचा रोधही जवळपास तेवढाच असल्याने तोही पर्याय खुला आहे. मात्र ॲल्युमिनिअमच्या टोकांना योग्य लग दाबून बसवावे लागतात, अन्यथा जोड सैल होऊन तापतो. अंतर शंभर मीटर असेल तर ४ चौरस मिलिमीटर तांब्यातही चालू भाराला ९ व्होल्टहून अधिक घट होते, म्हणून त्यापुढचा आकार निवडावा. भविष्यात कडबाकुट्टी यंत्र किंवा दुसरा पंप जोडण्याचा विचार असल्यास तो भार आजच हिशेबात घ्यावा. चर पुन्हा खणण्यापेक्षा केबल एक आकार मोठी घेणे केव्हाही परवडते.

केबल जमिनीखाली

बाहेरील कायमस्वरूपी पुरवठ्यासाठी लोखंडी कवच असलेली, म्हणजेच आर्मर्ड, केबल घ्यावी. पीव्हीसी आवरणाच्या केबलसाठी आयएस १५५४ आणि एक्सएलपीई आवरणाच्या केबलसाठी आयएस ७०९८ ही मानके आहेत. एकफेज पुरवठ्यासाठी फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशी तीन गाभ्यांची केबल घेतल्यास घराकडील अर्थिंगही शेडपर्यंत पोहोचते. केबलचे लोखंडी कवच दोन्ही टोकांना धातूच्या ग्लँडमध्ये घट्ट धरून अर्थिंगशी जोडावे. असे केल्याने कुदळ लागून केबल कापली गेली, तरी प्रवाह प्रथम कवचात जातो आणि संरक्षक साधन पुरवठा तोडते.

केबल टाकण्याच्या भारतीय कार्यसंहितेनुसार, म्हणजे आयएस १२५५ नुसार, कमी दाबाची केबल किमान ७५ सेंटिमीटर खोल असावी. चराच्या तळाशी सुमारे साडेसात सेंटिमीटर वाळूचा थर द्यावा, त्यावर केबल ठेवून पुन्हा तेवढीच वाळू टाकावी आणि वर विटा मांडाव्यात. माती भरताना जमिनीपासून साधारण एक फूट खाली पिवळी किंवा लाल इशारापट्टी अंथरावी. पुढे कोणी तेथे आळे खणू लागला, तर केबलच्या आधी ती पट्टी त्याच्या दृष्टीस पडते. नांगर, रोटाव्हेटर किंवा पॉवर टिलर जेथे चालतो, तेथून केबल नेणे टाळावे. बांधाच्या किंवा पायवाटेच्या कडेने जावे. ठिबकची नळी आणि केबल एकाच चरात शेजारी टाकू नये, कारण नळी दुरुस्त करणाऱ्याची कुदळ केबलवर पडते.

जमिनीच्या प्रकाराचाही विचार करावा. बेंगळुरू परिसरातील तांबडी माती खणण्यास सुलभ आहे, तर महाराष्ट्रातील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. या हालचालीमुळे केबलवर ताण येतो, म्हणून काळ्या जमिनीत केबल ताणून न टाकता थोडी नागमोडी टाकावी आणि दोन्ही टोकांशी एखादा मीटर जादा केबल ठेवावी. जमिनीखाली जोड देणे शक्यतो टाळावेच. केबल एकसंध मिळेल अशा लांबीची विकत घ्यावी. जमिनीबाहेर येणारा भाग लोखंडी पाइपमधून न्यावा. त्यामुळे ऊन, उंदीर-घुशी आणि जनावरांचे खूर या तिन्हींपासून संरक्षण मिळते. काम पूर्ण झाल्यावर केबलचा मार्ग कागदावर रेखाटून तो आराखडा घरातील मुख्य बोर्डाच्या दारावर आतून चिकटवावा.

पेटीवरील 'आयपी' क्रमांकाचा अर्थ

बाजारात 'वेदरप्रूफ' म्हणून विकल्या जाणाऱ्या पेट्यांवर आयपी ५५, आयपी ६५ असे क्रमांक असतात. यातील पहिला अंक धुळीपासून आणि दुसरा अंक पाण्यापासून मिळणारे संरक्षण दर्शवतो. धुळीसाठी ५ म्हणजे अत्यल्प धूळ शिरू शकते, ६ म्हणजे धूळ पूर्णतः रोखली जाते. पाण्यासाठी ४ म्हणजे सर्व दिशांनी उडणाऱ्या शिंतोड्यांपासून संरक्षण. ५ साठी ६.३ मिलिमीटर तोंडाच्या नळीतून मिनिटाला साडेबारा लिटर पाण्याचा झोत मारून चाचणी घेतात, तर ६ साठी मोठ्या तोंडातून मिनिटाला शंभर लिटरचा झोत असतो. ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवूनही अपायकारक प्रमाणात पाणी आत न शिरणे. शेडच्या आत आयपी ५५ आणि बाहेरील भिंतीवर किंवा गोठा धुतला जातो तेथे आयपी ६५ अथवा ६६ ची पेटी योग्य ठरते.

येथे दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. पहिली, ही चाचणी नव्या आणि नीट बंद केलेल्या पेटीची असते. वायरमनने केबल आत घेण्यासाठी वरून भोक पाडले आणि ते उघडेच ठेवले, तर पेटीवरचा क्रमांक निरर्थक होतो. केबल नेहमी पेटीच्या खालच्या बाजूने, योग्य मापाच्या ग्लँडमधून आत घ्यावी आणि पेटीपूर्वी तिला खालच्या दिशेने एक झोळ द्यावा, म्हणजे केबलवरून ओघळणारे पाणी तेथेच गळून पडते. न वापरलेली भोके बुचाने बंद करावीत. प्लगला झाकण असलेले सॉकेट घेताना प्लग लावलेला असतानाही झाकण बंद होते किंवा नाही, हे पाहून घ्यावे.

दुसरी मर्यादा बाष्पाची आहे. पेटी कितीही घट्ट असली तरी दिवसा आतील हवा तापते आणि रात्री थंड होते. या श्वासोच्छ्वासासारख्या क्रियेतून आत ओलावा जमतो. म्हणून पेटीच्या तळाशी उत्पादकाने दिलेली निचऱ्याची सोय असल्यास ती वापरावी. मुंग्या, पाली आणि कुंभारमाशीची मातीची घरटी हे शेतातील पेट्यांचे नेहमीचे शत्रू आहेत. कालांतराने पाणी किंवा ओलावा कोठून तरी आत येणारच, असे धरूनच बाहेरील जोडणीची आखणी केली पाहिजे. चांगली पेटी ही वेळ लांबवते. ती वेळ आल्यावर जीव वाचवण्याचे काम आरसीसीबीचे आहे.

शेडजवळील अर्थिंग

शेडजवळ स्वतंत्र अर्थिंग करावे. आयएस ३०४३ या कार्यसंहितेनुसार नळीचे इलेक्ट्रोड वापरल्यास ते गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचे, किमान ३८ मिलिमीटर आतील व्यासाचे आणि अडीच मीटर लांबीचे असावे. मुरमाड किंवा कातळ जमिनीत एवढे खोल जाता येत नसल्यास एकाहून अधिक इलेक्ट्रोड रोवून ते एकमेकांना जोडावेत. त्यांच्यातील अंतर इलेक्ट्रोडच्या लांबीच्या किमान दुप्पट ठेवावे. पंपाचे आवरण, पत्र्याची शेड, लोखंडी खांब आणि धातूच्या नळ्या हे सर्व या अर्थिंगशी जोडावेत. गोठ्यात हे विशेष महत्त्वाचे आहे. गाय-म्हशीच्या पुढच्या आणि मागच्या पायांतील अंतर अधिक असल्याने जमिनीतून पसरणाऱ्या दाबाचा फटका त्यांना माणसापेक्षा अधिक तीव्रतेने बसतो.

उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालावे आणि मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे जमीन सर्वाधिक कोरडी असताना, रोध मोजून घ्यावा. न्यूट्रल आणि अर्थ शेडमध्ये एकमेकांना जोडण्याची चूक कदापि करू नये. त्याचप्रमाणे न्यूट्रलऐवजी अर्थिंग वापरून दिवा लावण्याची प्रथाही तत्काळ बंद करावी. असे अर्थिंग सुटले, की त्याला जोडलेली प्रत्येक धातूची वस्तू विद्युतभारित होते.

आरसीसीबी 'पडतो' तेव्हा

जोडणी झाल्यावर खरी परीक्षा पहिल्या पावसात होते. रात्री सरी येतात, आरसीसीबी पडतो, पुन्हा चढवला की पुन्हा पडतो. शेतकरी वायरमनला बोलावतो आणि वायरमन 'हे यंत्रच खराब आहे, डायरेक्ट करून देतो' असे म्हणून आरसीसीबी वगळून तारा जोडून देतो. दिवे लागतात, पंप चालतो आणि सर्वांचे समाधान होते. वास्तविक त्या रात्री आरसीसीबीने आपले काम चोख केलेले असते. कोठेतरी ओलावा शिरला आहे आणि गळती सुरू झाली आहे, हीच सूचना तो देत असतो. ती सूचना बंद केल्याने गळती थांबत नाही, ती कोणाच्या तरी हाताची वाट पाहत राहते. विस्तार कार्यकर्त्यांनी शेतभेटीत प्रथम याच गोष्टीची चौकशी करावी.

दोष शोधण्याची रीत सोपी आहे. शेडमधील सर्व प्लग काढावेत आणि सर्व एमसीबी बंद करावेत. शेडमधील परिपथांसाठी दोन ध्रुवांचे एमसीबी असल्यास न्यूट्रलही तुटतो आणि शोध अचूक होतो. आरसीसीबी चढवून एकेक परिपथ आणि एकेक उपकरण सुरू करावे. ज्या क्षणी तो पडेल, त्या परिपथात दोष आहे. सर्व बंद असतानाही तो पडत असेल, तर दोष केबलमध्ये किंवा पेटीत आहे, आणि मेगरने तपासणी करून घेणे आवश्यक आहे. दुसऱ्या परिपथाचा न्यूट्रल चुकून या परिपथात जोडला गेल्यासही आरसीसीबी वारंवार पडतो.

शेडसाठी घरातील बोर्डातून स्वतंत्र परिपथ काढून त्याला स्वतंत्र आरसीसीबी दिल्यास शेडमधील दोषामुळे घर अंधारात जात नाही. परिणामी तो वगळण्याचा मोहही होत नाही. घरी इन्व्हर्टर असल्यास आरसीसीबी इन्व्हर्टरनंतर येईल अशी रचना करावी, अन्यथा वीज गेल्यावर संरक्षणही जाते.

आरसीसीबीवरील 'टी' अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. ते दाबताच पुरवठा तुटला पाहिजे. या बटणाने केवळ साधनाची चाचणी होते, अर्थिंगची नव्हे. तसेच एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांना स्पर्श झाल्यास आरसीसीबी वाचवू शकत नाही. म्हणून उघडे जोड आणि फुटके प्लग यांना त्याच्या भरवशावर तसेच ठेवू नये.

वीज नेणे आवश्यक आहे का?

शेड दूर असेल आणि गरज केवळ एक-दोन दिव्यांची व फवारणी पंप चार्ज करण्याची असेल, तर छोटे सौरपॅनल, बॅटरी आणि १२ व्होल्टचे दिवे हा अधिक सुरक्षित पर्याय ठरतो. इतक्या कमी दाबाला प्राणघातक धक्क्याचा धोका जवळपास राहत नाही. चर आणि लांब केबल यांचा खर्चही वाचतो. मात्र बॅटरीजवळ फ्यूज अवश्य बसवावा, कारण बॅटरीच्या तारा परस्परांना लागल्यास आग लागू शकते.

वीज न्यावयाचीच असेल, तर प्रथम जोडणीचा मंजूर भार पाहावा. कृषिपंपाच्या जोडणीवरून घरगुती अथवा व्यावसायिक वापर करणे नियमांत बसत नाही. अशा वेळी वीज वितरण कंपनीकडून योग्य वर्गवारीची जोडणी घ्यावी. काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे आणि काम पूर्ण झाल्यावर चाचणी अहवाल मागून घ्यावा. त्यात इन्सुलेशनचा रोध, अर्थिंगचा रोध आणि आरसीसीबी पडण्याची वेळ या तीन नोंदी असाव्यात.

पावसाळ्यापूर्वीची तपासणी

मे महिन्याच्या अखेरीस, मुख्य पुरवठा बंद करून पुढील बाबी पाहाव्यात :

१. शेडचा परिपथ स्वतंत्र आहे काय? त्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि योग्य क्षमतेचा एमसीबी आहे काय?
२. आरसीसीबी कोणी वगळलेला तर नाही ना? (हे पाहताना पुरवठा पुन्हा सुरू करून 'टी' बटण दाबावे.)
३. केबल जेथे जमिनीबाहेर येते, तेथे पाइप शाबूत आहे काय?
४. पेट्यांची झाकणे, रबरी पट्ट्या आणि ग्लँड घट्ट आहेत काय? आत मुंग्या, घरटी किंवा गंज आहे काय?
५. पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक केबलला रबरी ग्रोमेट किंवा ग्लँड आहे काय?
६. अर्थिंगची तार इलेक्ट्रोडशी आणि पंपाच्या आवरणाशी घट्ट जोडलेली आहे काय?
७. टेप गुंडाळलेले जोड किंवा जमिनीवर पसरलेले एक्स्टेंशन बोर्ड कोठे आहेत काय? असल्यास काढून टाकावेत.
८. मुख्य बोर्डात वीज लाटांपासून संरक्षण देणारे एसपीडी आहे काय? वळवाच्या वादळात पंप व चार्जरचे प्लग काढून ठेवावेत.

धक्का बसल्यास

विजेला चिकटलेल्या व्यक्तीला थेट स्पर्श करू नये. प्रथम मुख्य स्विच बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या जागेवर उभे राहून कोरड्या लाकडी दांड्याने तिला तारेपासून दूर करावे. वरच्या उच्चदाब वाहिनीची तार पडलेली असल्यास जवळही जाऊ नये. महाराष्ट्रात महावितरण आणि बेंगळुरूत बेस्कॉम या दोन्ही कंपन्यांचा तक्रार क्रमांक १९१२ आहे, तेथे कळवून पुरवठा बंद करवून घ्यावा. श्वास थांबला असल्यास छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० दाब देत राहावे आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्ण शुद्धीवर आला तरी त्याला रुग्णालयात न्यावे, कारण हृदयाची लय नंतरही बिघडू शकते.

समारोप

शेडमध्ये वीज आली की संध्याकाळची प्रतवारी, सकाळची फवारणीची तयारी आणि रात्रीची पाण्याची पाळी सुकर होते. त्या सोयीसाठी करावयाच्या खर्चात केबल, पेटी आणि मजुरी यांचा वाटा मोठा असतो, आरसीसीबीचा वाटा अल्प. तरीही काटकसर करताना बहुधा त्यालाच प्रथम वगळले जाते. विस्तार कार्यकर्त्यांनी या मोसमात प्रत्येक गावात निदान एका शेडवर ही तपासणी शेतकऱ्यांसमोर करून दाखवावी. 'टी' बटण दाबल्यावर पुरवठा तुटतो, हे जमलेल्या प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. जेथे तो तुटणार नाही, तेथे दुसऱ्याच दिवशी परवानाधारक वायरमनला बोलावून दुरुस्ती करून घ्यावी आणि तोवर शेडचा पुरवठा बंद ठेवावा.